‘रनिंग’ दिसल्यावर पाच मिनिटं थांबायलाच हवं का?

हापूसचा हंगाम आला की रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांच्या बुकिंग साइटवर गर्दी वाढते, जादा सर्व्हर उभे करावे लागतात. तेव्हा ग्रुपवर हमखास फिरणारा सल्ला: ‘पाच मिनिटं थांबा, त्याआधी क्लाउड सर्व्हर तयार होतच नाही.’

तसं नाही. हा समज बसायला कारण मात्र आहे, कन्सोलवर, म्हणजे क्लाउड सर्व्हर हाताळायच्या वेबपानावर, ‘रनिंग’ दिसूनही लॉगिन होत नाही. ‘रनिंग’ म्हणजे आभासी मशीन चालू झालं, एवढंच. त्यानंतर लिनक्स बूट होतं, नेटवर्क जुळतं, एसएसएच म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सेवा सुरू होते, शेवटी आपली स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हर तयार करणाऱ्या आज्ञांची फाइल, चालते. वेळ किती लागेल ते इमेजवर (ज्या तयार साच्यातून सर्व्हर बनतो त्यावर) आणि त्या स्क्रिप्टवर अवलंबून. कन्सोलवरची, तपासणी पास झाल्याची हिरवी खूण ठरावीक अंतरानेच ताजी होते, म्हणून तीही मागे पडते.

स्वतः पडताळून पाहा. सर्व्हर सुरू करताच दर सेकंदाला २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या दारावर, जोडणी करून बघा. प्रत्येक प्रयत्नाला एक-दोन सेकंदांचीच मुदत द्या. हे फार महत्त्वाचं, नाहीतर लिनक्सवर एकच प्रयत्न दोन मिनिटं लटकू शकतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (जोडणी नाकारली) आलं तर बहुधा चांगलं लक्षण: मशीन जागं आहे, सेवा सुरू व्हायची आहे. काहीच उत्तर येत नसेल तर फायरवॉलही (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) तपासा. आणि पोर्ट उघडला तरी ग्राहक त्या सर्व्हरवर पाठवायचे ते साइटचं हेल्थ चेकचं पान ‘सगळं ठीक’ सांगणारा २०० हा कोड देऊ लागल्यावरच.