आण्णांची वही आणि आपल्या घरातली पुस्तके

सप्रेम नमस्कार.

आमच्या बाइंडिंगच्या दुकानाचे संस्थापक, आमचे वडील, गेल्या पावसाळ्यात गेले. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यानंतर अनेक ग्राहकांनी काळजीने विचारले की दुकान चालू राहणार का आणि बांधायला दिलेल्या पुस्तकांचे काय. दुकान चालू आहे, पुस्तके सुरक्षित आहेत. कामाची माहिती देण्यासाठी हे पत्रक छापले आहे. आण्णांना सोडून ती सांगता येणार नाही, कारण इथली प्रत्येक रीत त्यांनी घालून दिलेली आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आण्णा सतरा वर्षांचे होते आणि पुण्यातच एका बाइंडरकडे काम शिकत होते. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने माखलेली पुस्तके पोत्यांतून घेऊन येऊ लागले. पंचांगे, पोथ्या, हिशेबाच्या वह्या, मुलांची शाळेची पुस्तके. बहुतेकांनी ती आधी उन्हात पसरली होती. त्यामुळे पुठ्ठे वाकले होते आणि गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना कायमची चिकटली होती. एका आजींनी सासऱ्यांच्या हातची पोथी आणली होती आणि ती उघडायची त्यांना भीती वाटत होती, हे आण्णा शेवटपर्यंत सांगत. ती पोथी त्यांनी पानापानाने सोडवली.

तेव्हा ते जे शिकले, तेच आम्ही आजही सांगतो. पुस्तक भिजले तर उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभे ठेवा. थोड्या थोड्या पानांआड टीपकागद घाला आणि ओला झाला की बदला. आर्ट पेपरची पाने ओली असतानाच एकमेकांपासून सुटी करा, वाळल्यावर ती सुटत नाहीत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात जमणार नसेल, तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि आम्हाला कळवा. पिशवीचा उपयोग एवढ्यापुरताच. एरवी पुस्तके प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नयेत, आत दमटपणा कोंडतो.

दुकान त्यांनी आईच्या सोबतीने सुरू केले. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवण्याचे काम कितीतरी वर्षे आईच करत असे, आणि तिची ही शिलाई, म्हणजे जुजबंदी, आण्णांपेक्षा सरस होती हे ते प्रत्येक ग्राहकाला अभिमानाने सांगत. रात्री साडेसातला शटर खाली यायचे म्हणजे यायचेच. जूनमध्ये शाळांची कितीही घाई असली तरी जेवण सगळ्यांनी एकत्र करायचे आणि नंतर कोणीतरी एकाने मोठ्याने वाचायचे. आम्हा भावंडांचे उच्चार त्या वाचनात सुधारले.

रात्रशाळेतली मुले त्यांच्याकडे काम शिकायला येत. पहिले सहा महिने चिकटवण्यासाठी पिठाची खळ शिजवायची, एवढेच. गाठ होऊ न देता, करपू न देता. ते जमल्यावर पुस्तके दाबायचा शिकंजा, मग शिलाई, आणि अगदी शेवटी सोनेरी अक्षरे. शिकलेल्या मुलाने वेगळे दुकान काढले की आण्णा पहिल्या महिन्यात आपली काही कामे त्याच्याकडे पाठवत. आजही एखादे काम आम्हाला वेळेत जमणार नसेल, तर त्यांच्या शिष्यांपैकी कोणाकडे द्यावे हे आम्ही आपल्याला सांगतो.

त्यांचा स्वतःचा संग्रह कोश आणि दिवाळी अंकांचा. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड जमवायला त्यांना १९ वर्षे लागली. शेवटचा सांगलीत एका रद्दीवाल्याकडे मिळाला, तेव्हा एस.टी.त तो मांडीवर घेऊन ते रातोरात परत आले. १९०९ सालचा 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक मात्र त्यांना कधीच मिळाला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख, किंमत आणि ते कोणाकडून आले एवढे लिहिलेले असे. तेच पुन्हा एका लांब वहीत, आणि शेजारच्या रकान्यात, आपल्यामागे ते कोणाला द्यायचे. ते गेल्यावर वहीप्रमाणे वाटप करायला आम्हाला चार रविवार लागले. एकाही पुस्तकावरून घरात दोन मते झाली नाहीत.

त्या वहीमुळे आम्ही एक नवे काम सुरू केले आहे. आपल्या घरी वडिलांचा, आजोबांचा संग्रह असेल, तर आम्ही घरी येऊन आपल्यासमोर त्याची यादी करून देतो. पुस्तके बाहेर नेत नाही, विकत घेत नाही. नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, पुस्तकाची अवस्था आणि मालकाने लिहिलेले काही असल्यास तेही नोंदवतो. ज्यांचा संग्रह आहे ते स्वतः शेजारी बसले, तर फारच चांगले. कोणते पुस्तक कुठून आले हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नसते.

दुरुस्तीबद्दल दोन गोष्टी. जुनी पाने लॅमिनेट करून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. त्यातून आम्ल तयार होते. म्हणून आजोबांचे पुस्तक तांबूस होऊन त्याचे तुकडे पडतात आणि त्याहून कितीतरी जुनी हातकागदाची पोथी मात्र मऊ राहते. लॅमिनेशनने हे आम्ल जात नाही, आणि प्लास्टिक पुन्हा काढताही येत नाही. सेलोटेपचा डागही तसाच कायमचा. फाटलेल्या पानाला आम्ही पातळ जपानी कागद आणि खळ वापरतो, कारण ती पाण्याने सुटते. दुसरे, कडा कापून सारख्या करत नाही. समासात कोणी टिपणे केलेली असतात, ती कात्रीखाली जातात. मूळ मुखपृष्ठ फाटके असले तरी फेकत नाही, नव्या बांधणीच्या आत शिवून देतो.

खळीच्या वासावर कसर, म्हणजे पुस्तके खाणारी कीड, येते, हे खरे. त्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, पावसाळ्यानंतर सगळी पुस्तके बाहेर काढून झटका आणि वर्तमानपत्राची वेष्टणे काढून टाका.

आण्णांच्या कामाच्या नोंदवह्याही दुकानात आहेत. आपले पुस्तक पूर्वी आमच्याकडे बांधले असेल, तर कोणता दोरा, कोणते कापड, कोणते अस्तर वापरले ते त्यात सापडते आणि त्याच जोडीचे काम करता येते. पावती हरवली असली तरी चालेल. नाव आणि साधारण वर्ष सांगा, पान आम्ही शोधू.