सळई तीच, पण कार्बनचा हिशेब वेगळा

जालन्यात भंगार वितळवून बनलेली सळई आणि ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या कोळशाच्या भट्टीतल्या लोखंडाची सळई शेजारी ठेवा, बघून काही कळणार नाही. पण खाणीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत कोळसा, वीज, पाणी, धूर सगळं मोजत गेलं की दोघींचे आकडे लांब लांब जातात. या मोजणीला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, आयएसओ १४०४० आणि १४०४४ मध्ये तिचे नियम आहेत.

मुळात खनिजात लोखंडाला ऑक्सिजन चिकटलेला असतो आणि तो ओढून काढायला कोळशातला कार्बन लागतो, म्हणजे इथे कोळसा नुसतं इंधन नाहीये. ब्लास्ट फर्नेसमध्ये हा कार्बन आधी कार्बन मोनॉक्साइड होतो आणि मग ऑक्सिजन ओढतो, त्याचं समीकरण कागदावर मांडलं तरी १ टन लोखंडामागे जवळपास १.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यात कोक (भट्टीसाठी भाजलेला कोळसा) बनवणं, चुनखडी, वीज धरली की आकडा सव्वादोन टनांच्या पुढे जातो, आणि भारताची सरासरी तर २.५ च्या आसपास आहे कारण आपल्याकडे कोळशावरचं स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड, खूप बनतं.

भंगारातला ऑक्सिजन आधीच निघालेला असतो, फक्त वितळवायचं. इंडक्शन फर्नेसला, म्हणजे विजेवर वितळवणाऱ्या भट्टीला, टनामागे साधारण ६०० युनिट धरा, आपल्या ग्रिडची वीज युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वितळवण्याचे ४२० किलो झाले. पण त्याच भट्टीत स्पंज आयर्न मिसळलं की आकडा लगेच चढतो, त्यामुळे मी तरी आधी भट्टीत काय टाकलं ते विचारतो.

खरा वाद पुढे आहे. भंगार पहिल्यांदा लोखंड झालं तेव्हाचा धूर कोणाच्या खात्यात? एक पद्धत म्हणते पहिल्या मालकाच्या, दुसरी म्हणते पुढे भंगार होऊन उपयोगी पडणार म्हणून नव्या स्टीललाही सूट द्या. स्लॅगचं, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीचं पण तेच, ती सिमेंटमध्ये जाते आणि तिथला क्लिंकर (चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल) वाचतो, मग ते श्रेय स्टीलवाल्याचं की सिमेंटवाल्याचं? कारखाना तोच, हिशेब बदलला की आकडा बदलतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ग्रीन स्टीलची व्याख्या केली, तयार स्टीलच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन हवं. चांगलं झालं, निदान एक रेघ तरी आखली गेली. पण ती रेघ फक्त कार्बनची आहे, गडचिरोलीत सुरजागडला खनिजासाठी तुटलेलं जंगल त्या २.२ मध्ये कुठेच दिसत नाही.