मोथा, मिरी आणि फ्रिऊलीचं द्राक्ष

इटलीतल्या फ्रिऊली प्रदेशात, उदिनेला नोकरी करणारा माझा एक मित्र या वेळी सुट्टीवर येताना स्किओपेत्तीनो नावाच्या द्राक्षाची लाल वाइन घेऊन आला. पहिल्या घोटालाच त्याच्या भावाने विचारलं, "यात मिरपूड घालतात का रे?"

नाही घालत. पण तो वास मनाचा खेळही नाही. वाइनच्या बाटलीवर 'काळ्या मिरीचा गंध' असं छापलेलं दिसलं की बहुतेकांना ती विक्रीची भाषा वाटते. या वाइनपुरती ती शब्दशः खरी आहे. काळ्या मिरीला तिचा खास वास देणारा रेणूच या द्राक्षाच्या सालीत तयार होतो. त्याचं नाव रोटंडोन, आणि तो जगासमोर आला पुण्यातून.

शेतकऱ्याला नकोसं झालेलं लव्हाळा हे तण सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सुगंधी गाठी म्हणजे मोथा. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच कुळातला. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस. 1967 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोथ्याच्या तेलातून कीटोन वर्गातला एक रेणू वेगळा केला. वनस्पतीच्या नावावरून तो झाला रोटंडोन. त्याचा मिरीशी किंवा वाइनशी काही संबंध असेल, हे पुढची चाळीस वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तो संबंध 2008 साली ऑस्ट्रेलियात उलगडला. तिथल्या वाइन संशोधन संस्थेतले लोक शिराझ द्राक्षातला मिरीचा वास शोधत होते आणि यंत्रांना काही सापडत नव्हतं. मग त्यांनी सरळ मिरीच हाती घेतली. गॅस क्रोमॅटोग्राफ मिश्रणातले रेणू एकामागून एक बाहेर सोडतो. त्या नळीच्या तोंडाशी माणूस नाक लावून बसला. पुष्कळ रेणू येऊन गेले आणि अगदी उशिरा, आलेखावर जिथे जेमतेम खूण उमटत होती तिथे, मिरीचा घमघमाट आला. यंत्राच्या आधी नाकाने पकडलेला हा रेणू म्हणजे रोटंडोन.

यंत्र का चुकत होतं, ते आकड्यांवरून कळतं. लाल वाइनमध्ये लिटरमागे अवघे 16 नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी नाकाला कळतं. ऑलिम्पिक आकाराच्या तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. तेवढी वाइन असती, तर 40 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एका मिरीदाण्याच्या वजनाइतकं शुद्ध रोटंडोन तिला पुरलं असतं. खुद्द मिरीत ते मिरीचा वास देणाऱ्या वाइनच्या सुमारे दहा हजार पट असतं.

हे तयार कसं होतं, ते मला फार सुंदर वाटतं. वेल आधी पंधरा कार्बनांचा ग्वायीन नावाचा तेलकट रेणू बांधते. त्याला जवळजवळ वास नाही. मग एक विकर (एन्झाइम) त्यातल्या एकाच कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून तिथे दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन बसवतं. C15H24 चं C15H22O होतं आणि निर्गंध रेणू मिरी होतो. ग्वायीन नुसतं हवेत ठेवलं तरी सावकाश थोडं रोटंडोन होतं, पण वेलीतलं विकर हे काम नेमकं त्याच जागी करतं. द्राक्षाला रंग चढू लागल्यावर सालीत हा साठा वाढतो. थंड हवा, सावलीतले घड त्याला मानवतात आणि कडक ऊन मारक ठरतं. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तो वाइनमध्ये उतरतो.

स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून असलेल्या प्रेपोत्तो गावाच्या टेकड्या स्किओपेत्तीनो द्राक्षाचं घर. मुळांना लागणारी फिलॉक्सेरा कीड आणि दोन महायुद्धं यांनंतर तिथे मोजक्याच वेली उरल्या होत्या. सरकारी परवानगीच्या यादीतही हे नाव नव्हतं. 1970 च्या दशकात चाल्ला इथल्या पाओलो आणि दीना रापुझ्झी या जोडप्याने जुन्या वेली शोधून त्यांच्या काड्या लावल्या. ते झालं नसतं तर मित्राची बाटली आमच्या टेबलावर आलीच नसती. पुढे 2011 मध्ये इटालियन संशोधकांनी स्किओपेत्तीनो आणि इटलीतल्याच पिएमोंते प्रदेशाच्या व्हेस्पोलिना या दोन्ही दुर्मीळ वाणांच्या वाइनमध्ये रोटंडोन मोजून दाखवलं.

सोबत खायचं काय? मित्राने मोन्ताझिओ चीज आणलं होतं. बटाट्याबरोबर ते तव्यावर खरपूस परतून त्याचा फ्रिको केला. वाइनमधले टॅनिन, म्हणजे तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं पडतं. चीज खाल्लं की टॅनिनला पकडायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि तो तुरटपणा उतरतो. वाइनचा आंबटपणा चीजचा तेलकटपणा कापतो. फ्रिऊलीत ही वाइन शिकारीच्या मांसाबरोबर, बदकाबरोबरही घेतात. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र मी ती घेणार नाही. तिखटाची आग ओळखणारा जो संवेदक (रिसेप्टर) जिभेवर असतो, त्यालाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करतं.

'दोन पदार्थांत समान रेणू असले की जोडी जमते' हा नियम हल्ली ठामपणे सांगितला जातो. 2015 साली जोधपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी हजारो भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा आपल्याकडचे एकत्र पडणारे पदार्थ उलट कमीत कमी सुगंधी रेणू वाटून घेतात, असं दिसलं. आणि लाल वाइन हृदयाला औषध म्हणून घ्यावी, हे तर कुणी ऐकूच नये. अल्कोहोलची कुठलीही मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्या रात्री आम्ही चौघे होतो. तिघांना मिरी लख्ख जाणवली. मित्राच्या आईला चेरी आणि जांभळाचा वास आला, मिरीचा अजिबात नाही. 2008 च्या त्या प्रयोगात सुमारे वीस टक्के लोकांना साध्या पाण्यात लिटरमागे 4000 नॅनोग्रॅम रोटंडोन घालूनही काही कळलं नव्हतं. काकूंनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला, मान हलवली आणि फ्रिकोचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.