क्लाइनडॉइचलांड

क्लाइनडॉइचलांड म्हणजे ‘छोटा जर्मनी’. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन बेटाच्या आग्नेय भागात, टॉम्पकिन्स स्क्वेअर या बागेभोवती १८४० च्या दशकात वाढत गेलेली जर्मन स्थलांतरितांची वस्ती. बाहेरचे लोक तिला ‘डचटाउन’ म्हणत. ‘डॉइच’चा तो अपभ्रंश. १८५० च्या दशकाच्या मध्यावर बर्लिन आणि व्हिएन्ना वगळता इतके जर्मन भाषक जगातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात नव्हते, असे सांगितले जाते.

पिके बुडाल्याने, कारखान्यांपुढे हातमागाचे काही चालेनासे झाल्याने आणि १८४८ ची लोकशाहीसाठीची क्रांती फसल्याने ही माणसे घर सोडून निघाली. त्या वेळी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते, ते १८७१ साली झाले. बोटीवर चढताना माणूस बव्हेरियाचा, हेसेचा किंवा प्रशियाचा असे; शेजाऱ्यांच्या लेखी तो ‘जर्मन’ झाला तो न्यूयॉर्कला उतरल्यावर. शिंपी, सुतार, पाववाले, सिगार वळणारे अशा हातात कसब असलेल्या लोकांची ही वस्ती होती आणि इथले मोठे उद्योग उभे राहिले ते याच कसबावर.

हाइनरिश स्टाइनव्हेग हा हार्ट्‌स पर्वतालगतच्या झेझेन गावचा पियानो बनवणारा कारागीर. १८५० साली तो कुटुंबासह आला. पहिली काही वर्षे बाप आणि मुलगे दुसऱ्यांच्या कारखान्यांत रोजंदारीवर राबले, आणि ५ मार्च १८५३ रोजी त्यांनी व्हॅरिक स्ट्रीटवर स्वतःचा कारखाना काढला. आडनावाचे झाले ‘स्टाइनवे’. ग्रँड पियानोत खर्जाच्या लांब तारा इतर तारांवरून तिरप्या ओढायच्या, म्हणजे त्याच पेटीत जास्त लांबीची तार मावते आणि नाद भरदार होतो. या रचनेचे पेटंट हाइनरिशचा मुलगा धाकटा हेन्री याने १८५९ मध्ये मिळवले. १८६६ साली चौदाव्या रस्त्यावर ‘स्टाइनवे हॉल’ उघडला. दोन हजारांवर श्रोते मावणाऱ्या या सभागृहाकडे जाण्याची वाट मुद्दाम पियानोंच्या दालनांतून ठेवलेली होती. संगीत ऐकायला निघालेला माणूस आधी वाद्यांच्या रांगांतून जाई. हाइनरिशचा दुसरा मुलगा विल्यम स्टाइनवे स्वतः ‘लीडरक्रान्त्स’ या गायक मंडळाचा आधारस्तंभ होता. त्याच्या आयुष्यात धंदा आणि गाणे वेगळे काढताच येत नाही.

१८७० च्या दशकात विल्यमने ईस्ट नदीपलीकडे क्वीन्समध्ये कारखान्यासह गावच वसवले. त्यात ओतशाळा, लाकडाच्या गिरण्या, कामगारांची घरे, शाळा आणि बालवाडीही होती. यामागे कामगारांचे हित होते, तसेच त्यांना मॅनहॅटनमधल्या संपांपासून आणि समाजवादी चळवळीपासून दूर ठेवण्याचा हिशेबही होता. ती चळवळ चालवणाऱ्यांतही जर्मन पुष्कळ होते, हे विसरून चालणार नाही.

ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये चार्ल्स फायझर आणि नात्याने त्याचा भाऊ लागणारा चार्ल्स एर्हार्ट यांनी १८४९ मध्ये रसायनांचा धंदा सुरू केला. फायझर रसायने शिकलेला, एर्हार्ट मिठाईवाला. सँटोनिन हे जंतांवरचे औषध इतके कडू की ते गिळणे कठीण. एर्हार्टने त्याला बदामी टॉफीची चव देऊन ते साखरेच्या शंकूत भरले. आजच्या अवाढव्य कंपनीची सुरुवात या एका गोड युक्तीने झाली.

बिअरचा धंदा याहून गाजला. लागर हा थंडाव्यात मुरवण्याचा प्रकार जर्मनांनी रुजवला. जॉर्ज एरेट आणि जेकब रुपर्ट यांनी १८६० च्या दशकात उत्तरेकडच्या यॉर्कव्हिलमध्ये मोठ्या भट्ट्या उभारल्या. (रुपर्टचा त्याच नावाचा मुलगा पुढे यँकीज या बेसबॉल संघाचा मालक झाला.) रविवारी बायकामुलांसह बिअर गार्डनमध्ये बसायचे, बँड ऐकायचा, ही जर्मनांची रीत. रविवार पाळणाऱ्या प्रोटेस्टंट अमेरिकनांना ते पाप वाटे, आणि रविवारच्या दारूबंदीवरून दशकानुदशके राजकारण पेटत राहिले. आठवडाभर राबणाऱ्या कुटुंबाला मिळणारी ती एकच मोकळी दुपार होती. माझ्या मते या वादात जर्मनांची बाजू अधिक माणुसकीची होती.

या वस्तीतले सर्वांत मोलाचे नाव मात्र आना ऑटेनडॉर्फर हिचे आहे. पहिला नवरा याकोब उल १८५२ मध्ये वारल्यावर ‘न्यूयॉर्कर श्टाट्स-त्साइटुंग’ हे जर्मन वृत्तपत्र तिने स्वतः चालवले. पुढे संपादक ओस्वाल्ड ऑटेनडॉर्फरशी तिचे लग्न झाले आणि पत्राची भरभराट झाली. त्या पैशातून सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर शेजारी शेजारी दोन लाल इमारती उभ्या राहिल्या. एक दवाखाना, दुसरे मोफत वाचनालय. दोन्ही १८८४ साली पूर्ण झाल्या. आना त्याच वर्षी वारली. वाचनालयातली पुस्तके निम्मी जर्मन, निम्मी इंग्रजी होती.

१५ जून १९०४ रोजी सहाव्या रस्त्यावरच्या सेंट मार्क लुथरन चर्चची वार्षिक सहल ‘जनरल स्लोकम’ या वाफेच्या बोटीतून निघाली. बुधवार असल्याने पुरुष कामावर गेलेले. बोटीत बहुतेक बायका आणि मुलेच होती. ईस्ट नदीत बोटीला आग लागली. आग विझवायच्या पाण्याच्या नळ्या दाब येताच फाटल्या. आयांनी मुलांच्या अंगात घातलेली जीवरक्षक जाकिटे इतकी जुनी होती की आतल्या बुचाचा भुगा झाला होता. ती तरंगलीच नाहीत. हजारावर माणसे गेली.

या दुर्घटनेने वस्ती संपली असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस उन्नत रेल्वे आल्यापासून सुस्थितीतली कुटुंबे यॉर्कव्हिलकडे सरकू लागली होती आणि त्यांच्या घरांत पूर्व युरोपातले ज्यू येत होते. स्लोकमनंतर मात्र, ज्यांची घरे ओस पडली त्यांना त्या गल्ल्यांत राहवेना. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नावच नकोसे झाले. ‘जर्मन हॉस्पिटल’ १९१८ मध्ये ‘लेनॉक्स हिल’ बनले.

सेंट मार्क चर्चची इमारत १९४० पासून ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. टॉम्पकिन्स स्क्वेअरमध्ये मृतांच्या स्मरणार्थ १९०६ साली उभारलेले संगमरवरी कारंजे आहे. आनाच्या वाचनालयाच्या दारावर ‘फ्राये बिब्लिओटेक उंड लेझेहाले’, म्हणजे मोफत ग्रंथालय आणि वाचनकक्ष, ही जर्मन अक्षरे कायम आहेत. आत आज शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा चालते.