लहान मुलांना लोह देण्याच्या संशोधनासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज: फाइल नेमकी कुठे अडते?

एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची, बैठक होते, पत्र येतं आणि त्यात पुन्हा तेच वाक्य असतं: ‘सुधारणांसह फेरसादर करावे.’ पाच वर्षांखालच्या मुलांना लोह, जस्त किंवा सूक्ष्मपोषकांची पावडर देऊन पाहणाऱ्या अभ्यासांच्या बऱ्याच फायली मी चाळल्या आहेत. प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) जाडजूड, संख्याशास्त्र चोख, आणि अडतं कुठे, तर एका पानाच्या पत्रावर.

नेहमीचं आधी उरकतो. अर्ज मुख्य संशोधकाच्या नावाने करायचा. सोबत सगळ्या संशोधकांचे बायोडेटा, गुड क्लिनिकल प्रॅक्टिस (माणसांवरच्या चाचण्यांची नियमावली) प्रशिक्षणाचं मुदतीतलं प्रमाणपत्र, प्रोटोकॉल, अंदाजपत्रक, हितसंबंधांचं निवेदन, इजा झाल्यास भरपाईची तरतूद आणि संस्थाप्रमुखाची सही. पोषणशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राचे लोक एक गोष्ट हटकून विसरतात: पथकात बालरोगतज्ज्ञ हवा, आणि तो नुसता नावापुरता नको. रात्री मुलाला ताप भरला तर फोन कोण उचलणार, हे कमिटी विचारतेच.

आता मात्रा. ‘रोज ६० मिलिग्रॅम फेरस सल्फेट’ असं लिहिलेला अर्ज परत येणारच. क्षार मोजलाय की त्यातलं लोह? नेहमीच्या जलयुक्त फेरस सल्फेटमध्ये लोह साधारण २० टक्के असतं, फेरस फ्युमरेटमध्ये ३३ टक्के. म्हणजे ते ६० मिलिग्रॅम एका क्षाराचे १२ होतात, दुसऱ्याचे २०. अर्जात, संमतीपत्रात आणि बाटलीच्या लेबलवर सगळीकडे एलिमेंटल, म्हणजे क्षारातल्या निव्वळ लोहाचाच आकडा द्या आणि शेजारी क्षाराचं नाव लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी रोज १० ते १२.५ मिलिग्रॅम एलिमेंटल लोह, वर्षातून सलग तीन महिने, असं सांगितलं आहे. तेही जिथे या वयोगटात रक्तक्षयाचं प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे. तुमची मात्रा वेगळी असेल तर का, ते दोन ओळींत लिहा. आणि घरी ठेवायच्या बाटलीला मुलांना न उघडणारं झाकण आहे का, तेही. वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं, आणि घरात थोरलं भावंडही असतं.

‘लोह हे टॉनिकच आहे, धोका नगण्य’ हे वाक्य जोखमीच्या रकान्यात लिहू नका. ते वाचलं की कमिटीतल्या जुन्या सदस्यांना पेंबा आठवतं. टांझानियाच्या झांझिबार द्वीपसमूहातल्या या बेटावर मलेरियाचा जोर मोठा. तिथे १ ते ३५ महिन्यांच्या २४ हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत लोह आणि फॉलिक आम्ल दिलं गेलं, काही गटांना जस्तासह. ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षा देखरेख मंडळाच्या (चाचणीतल्या मुलांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या) शिफारशीवरून लोहाचे गट थांबवावे लागले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: लोह मिळालेल्या मुलांमध्ये गंभीर आजाराने दाखल होण्याचा किंवा दगावण्याचा धोका १२ टक्क्यांनी जास्त. त्यातल्याच उपअभ्यासात, ज्या मुलांना लोहाची कमतरता आणि रक्तक्षय दोन्ही होतं त्यांना मात्र लोहाचा फायदा झालेला दिसला. म्हणून मलेरियाच्या भागात काम असेल तर मलेरियाचं निदान, उपचार आणि प्रतिबंध यांची सोय अर्जातच दाखवावी लागते, आणि स्वतंत्र देखरेख मंडळाची सनदही (मंडळाचं काम आणि नियम सांगणारा कागद). या मंडळात स्वतःच्याच विभागातले तीन सहकारी घालून ‘स्वतंत्र’ म्हणणारे अर्ज मी पाहिलेत. असं करू नका.

आणि आता सुरुवातीला म्हटलेलं, कुणाकडेच नसलेलं ते एका पानाचं पत्र. तपासणीत एखाद्या बाळाचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ७ ग्रॅमच्या खाली निघालं, तर तो तीव्र रक्तक्षय. ते मूल प्लासिबोच्या (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) गटात जाऊ शकत नाही, हे सगळे लिहितात. पण मग ते जाणार कुठे? ‘जवळच्या रुग्णालयात पाठवले जाईल’ एवढ्याने भागत नाही. त्या रुग्णालयाच्या प्रमुखाचं, सही-शिक्क्याचं पत्र लागतं: अशी मुलं आम्ही घेऊ, रक्त चढवायची सोय आहे, खर्च अमुक करेल. हे पत्र मिळवायला महिनाही लागतो, कारण रुग्णालयाला वाटतं आपल्यावर काहीतरी जबाबदारी लादताहेत. खरं तर लादतच आहात. म्हणून आधी जाऊन बोला, मसुदा तुम्हीच लिहून न्या. प्रोटोकॉलचा पहिला खर्डा झाला की त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या.

निदानाच्या मर्यादा जुन्या वापरल्या की तज्ज्ञ परीक्षक लगेच पकडतात. २०२४ पासून जागतिक आरोग्य संघटनेची रक्तक्षयाची रेषा ६ ते २३ महिन्यांसाठी दर डेसिलिटरला १०.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, २४ ते ५९ महिन्यांसाठी ११. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) रेषा पाच वर्षांखाली १२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पण संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा ३०. म्हणजे सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासल्याशिवाय नुसतं फेरिटिन अर्धवट. आणि सीआरपीची तपासणी वाढवली की काढायचं रक्त वाढतं! दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ८०० मिलिलिटर. चोवीस तासांत त्यातलं किती काढता येईल, याची मर्यादा समित्यांगणिक १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असते. पूर्ण अभ्यासात एकूण किती मिलिलिटर काढणार याचं कोष्टक जोडा. न जोडल्यास प्रश्न ठरलेला.

संमतीपत्रात एक दुखरी जागा आहे. केंद्रावर मुलाला घेऊन येते आजी, आणि अंगठाही तीच देते. आजी प्रेमाने पालक असली तरी कायद्याने पालक असेलच असं नाही. संमती कोण देऊ शकतं हे प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि त्यासाठी आई किंवा वडिलांच्या वेळेत घरी जायची तयारी ठेवा. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. तुमचा क्षेत्र-सहायक तो नव्हे. भाषांतरित पत्र मूळ भाषेत परत उलटवून पाहिल्याचं प्रमाणपत्रही बहुतेक समित्या मागतात. एका फायलीत ‘प्लासिबो’चं भाषांतर ‘हलकं औषध’ असं झालं होतं.

राहिल्या तारखा. चाचणीची सार्वजनिक नोंदवहीत नोंदणी पहिलं मूल अभ्यासात घेण्याआधी व्हायला हवी. हेलसिंकी जाहीरनामा (वैद्यकीय संशोधनाची आंतरराष्ट्रीय नैतिक तत्त्वं) तेच म्हणतो आणि वैद्यकीय नियतकालिकांचे संपादकही. ‘शोधनिबंध पाठवण्याआधी’ असं समजून बसलेले लोक मुलं घेऊन मोकळे होतात आणि मग नोंदणी उशिराची ठरते. तिला इलाज नाही. मंजुरीची मुदत सहसा एक वर्ष, आणि ते वर्ष मोजायचं मंजुरीपत्रावरच्या तारखेपासून, पहिल्या मुलापासून नाही. नूतनीकरणाचा अर्ज दीड-दोन महिने आधी टाका, कारण मुदत संपली की नवी मुलं घेणं थांबवावं लागतं.

तिसरी तारीख औषधाच्या पाकिटावर असते. बॅचची एक्स्पायरी शेवटच्या मुलाच्या शेवटच्या डोसच्या पुढे जायला हवी. भरती नेहमी लांबते, तेव्हा हिशेब भरतीच्या स्वप्नातल्या वेगाने करू नका.