ऑर्किड रात्री ऑक्सिजन देत नाही, आंबट होतं

परवा फॅमिली ग्रुपवर मावशीने एक फॉरवर्ड टाकला, "ही पाच झाडं बेडरूममध्ये ठेवा, रात्रभर शुद्ध ऑक्सिजन मिळेल", आणि त्यात दुसऱ्या नंबरला पांढऱ्या फुलांचं ऑर्किड. खाली मला टॅग करून, "अरे तुझ्याकडे आहे ना हे, मग खिडकीत काय ठेवलंयस, उशाशी ठेव." मी नुसता अंगठा दिला आणि गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना, कारण हे झाड रात्री काहीतरी वेगळं करतं हे खरंच आहे. फक्त जे करतं ते फॉरवर्डवाल्याला कळलेलं नाही, आणि ते कळलं तर झाड सांभाळणं निम्मं सोपं होतं.

आधी ओळख. हॉटेलच्या लॉबीत, ऑफिसच्या रिसेप्शनवर बाकदार दांडीवर ओळीने मोठी चपटी फुलं लागलेलं जे ऑर्किड दिसतं ते बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस. ग्रीकमध्ये अर्थ 'पतंगासारखं दिसणारं', म्हणून मॉथ ऑर्किड. ब्लूमे नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने 1825 साली हे नाव दिलं. जंगलात ते मातीत वाढतच नाही, झाडाच्या खोडाफांदीला मुळांनी चिकटून बसतं. त्याला बांडगूळ म्हणणारे भेटतात, पण बांडगूळ यजमान झाडाचा रस ओढतं, हे बिचारं फक्त बसायला जागा घेतं. माती नाही म्हणजे पाण्याचा साठाही नाही, पाऊस थांबला की काही तासांत साल कोरडी. म्हणजे भर पावसाच्या जंगलात राहून याचं आयुष्य थोडंफार निवडुंगासारखं.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. झाडाला अन्न बनवायला कार्बन डायऑक्साइड हवा, तो पानावरच्या पर्णरंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, आत येतो, पण रंध्र उघडलं की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पळते. साधं झाड 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेताना साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावतं. ज्याच्या मुळाशी माती आहे त्याला हा सौदा परवडतो, फांदीवर बसलेल्याला नाही. मग यांनी वेळच बदलून टाकली. दिवसा कडक ऊन असताना रंध्रं बंद, रात्री हवा गार आणि दमट झाली की उघडी. असं केल्यावर पाण्याचा खर्च 50 ते 100 ग्रॅमवर येतो.

पण रात्री ऊन नसतं, मग आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? (हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि इथे थोडं जड होणार, कंटाळा आला तर पुढचा एक परिच्छेद सोडा.)

पेशीत पीईपी नावाचा तीन कार्बनचा रेणू असतो, तो दिवसा साठवलेल्या स्टार्चपासून तयार होतो. पीईपी कार्बोक्सिलेज हे एन्झाइम त्याला एक कार्बन चिकटवतं, चार कार्बनचं ऑक्झॅलोअॅसिटेट होतं आणि लगेच त्याचं मॅलेट, म्हणजे मॅलिक अॅसिडचंच एक रूप. आता हे मॅलेट पेशीद्रवात साठू दिलं तर ते त्याच एन्झाइमला ब्रेक लावतं, म्हणून त्याला रिक्तिकेत ढकलावं लागतं, पेशीच्या मधोमध असलेली ती मोठी पाण्याची पिशवी. त्यासाठी रिक्तिकेच्या पडद्यावरचे पंप ऊर्जा खर्च करून प्रोटॉन आत ढकलत राहतात आणि त्यांच्यामागोमाग मॅलेट जातं, म्हणजे रात्रभर पिशवीत मॅलिक अॅसिड भरत जातं, हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा तो हाच. सकाळी उलटी गंगा, मॅलेट बाहेर येतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, रंध्रं तर बंद, त्यामुळे पानाच्या आत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट दाट होतो आणि मग रुबिस्को हे नेहमीचं एन्झाइम उन्हाच्या ऊर्जेवर त्याची साखर करतं. हे सगळं पानातल्या जैविक घड्याळावर चालतं, पीईपी कार्बोक्सिलेज रात्री 'चालू' करणारं दुसरं एन्झाइमसुद्धा त्या घड्याळाच्याच हुकमात.

थोडक्यात, रात्री बाजार आणून डब्यात भरायचा आणि दिवसा दार लावून स्वयंपाक करायचा. याला कॅम (क्रॅसुलेशियन अॅसिड मेटाबॉलिझम) म्हणतात, क्रॅसुलेसी या कुळावरून, आणि त्या कुळातलं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे शाळेत वहीत दाबून ठेवायचो ती पानफुटी. नाव मिळण्याच्या खूप आधी, भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने याने पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चक्क चावून बघितली, सकाळी चांगलीच आंबट, दुपारपर्यंत बेचव, संध्याकाळकडे कडसर. हे निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. मीही करून बघितलं, चावून नाही, कारण पानफुटीत विषारी द्रव्यं असतात, आंबटपणा मोजणाऱ्या पीएचच्या पट्टीवर. सकाळी सहाला एक पान चुरडून रस लावला तर पट्टी नारिंगी, म्हणजे जास्त आंबट, संध्याकाळी पाचला त्याच फांदीचं दुसरं पान घेतलं तर पिवळट, म्हणजे कमी. पट्ट्या मिळत असतील तर मुलांना नक्की करून दाखवा, पाठ्यपुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा बरं.

आता मावशीचा ऑक्सिजन. ऑक्सिजन येतो तो पाण्याचा रेणू फुटल्यामुळे, आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात पाणी फुटत नाही, विषय संपला. ऑर्किडही ऑक्सिजन दिवसाच बनवतं, रंध्रं बंद असल्याने तो पानात कोंडतो आणि हळूहळू झिरपतो, दुपार उलटल्यावर रंध्रं किलकिली झाली की आणखी थोडा निघतो. रात्री ते आपल्यासारखंच ऑक्सिजन वापरतं. रात्री 'कार्बन डायऑक्साइड घेतं' हे खरं, त्यावरून 'म्हणजे ऑक्सिजन देतं' ही कुणीतरी स्वतः जोडलेली शेपटी. बरं, मिळाला असता तरी किती? निवांत झोपलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, पाच-सहा पानांचं ऑर्किड अख्ख्या दिवसात एक लिटरसुद्धा देत नाही, म्हणजे तुमच्या झोपेची चार मिनिटंही नाहीत. आणि याच हिशेबाने ती उलटी भीतीही फुकाची, की रात्री खोलीत झाडं ठेवली तर ती आपला ऑक्सिजन खातात. कुंडीपेक्षा शेजारी घोरणारा माणूस कैकपटीने जास्त खातो, त्याला कोणी बाहेर काढत नाही. ते नासाचं 'हवा शुद्ध करणारी झाडं' प्रकरणही असंच, 1989 चे ते प्रयोग बंद पेटीतले होते, पुढे 2019 मध्ये दोन संशोधकांनी हिशेब मांडला तर साध्या खोलीत खिडकी उघडण्याइतका फरक पडायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. झोपायचं कुठे मग?

आता या सगळ्याचा कुंडीशी संबंध. झाडाचा खरा कामाचा वेळ रात्र आहे, त्यामुळे रात्र त्याला थोडी गार आणि अंधारी मिळू द्या. एक वाजेपर्यंत ट्यूबलाइटखाली ठेवाल तर घड्याळ गोंधळेल. फुलाचा दांडाही तापमानावरच ठरतो, सतत 28 अंशांच्या वर राहिलं तर पानं येतात, दांडा येत नाही, काही आठवडे 25 च्या खाली मिळालं की येतो. "फुलं येत नाहीत, कुठलं खत घालू" विचारणाऱ्यांनी आधी थर्मामीटर बघावा. उजेड भरपूर, पण थेट दुपारचं ऊन नको, कारण रंध्रं बंद म्हणजे घाम येऊन गार होण्याची सोय नाही, पान सरळ भाजतं.

पाण्याचं मुळांना विचारा. मुळांवर मेलेल्या पोकळ पेशींचा पांढरा स्पंजसारखा थर असतो, व्हेलामेन, तो पाणी काही सेकंदांत शोषतो आणि मग तासन्‌तास आतल्या मुळाला पुरवतो. कोरडा असताना त्यात हवा असते म्हणून चंदेरी दिसतो, भिजला की कागदावर तेल पडल्यासारखा पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं मूळ दिसतं, हो, या मुळांतही हरितद्रव्य असतं. पारदर्शक कुंडी त्यासाठीच. मुळं चंदेरी झाली की पाणी द्या, हिरवी असतील तर हात लावू नका, वार बघून पाणी घालू नका. आणि मातीत तर लावूच नका, सालीचे तुकडे वापरा, मुळांना हवा नाही मिळाली तर ती कुजतात. बर्फाच्या तुकड्यांनी पाणी द्यायच्या सल्ल्याला मी खूप हसायचो, पण 2017 साली ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी आठवड्याला तीन तुकडे देऊन बघितलं आणि फुलं तितकीच टिकली, तेव्हा हसणं बंद केलं.

रोज पानांवर फवारा मारणं मात्र सोडा. माझं पहिलं ऑर्किड मी असंच मारलं, जंगलात ते आडवं लटकतं, पाणी ओघळून जातं, कुंडीत सरळ उभं असल्यामुळे मधल्या पानांच्या खोबणीत साचतं. एका सकाळी वरचं कोवळं पान सहज धरलं तर ते हातातच आलं, बुडाशी तपकिरी लिबलिबीत आणि वास. या झाडाला वाढीचा शेंडा एकच, तो गेला की नवं पान येत नाही. पाणी सांडलंच तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या. आणि फुलं असताना पिकणारी फळं शेजारी ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं दोन दिवसांत माना टाकतात.

मावशीला एवढं सगळं लिहिलं तर तिने विचारलं, "मग उशाशी ठेवू की नको?" ठेव म्हटलं, सकाळी तिथे उजेड येत असेल तर. माझ्या सध्याच्या झाडाला वरून तिसऱ्या पानाच्या बुडातून एक हिरवं टोक आलंय, गोल राहिलं तर मूळ, मिटलेल्या हातमोज्यासारखं चपटं झालं तर फुलाचा दांडा. आज सकाळी भिंग लावून बघितलं, अजून सांगता येत नाही.