जुन्या वजनाचा हिशेब

वजन कमी करायला निघालेल्या माणसांची तक्रार साधारण एकाच सुमारास सुरू होते. पहिले पाच-सहा महिने काटा बऱ्यापैकी खाली सरकतो, कपडे सैल होतात, ओळखीचे लोक 'काय केलंस?' म्हणून विचारू लागतात, आणि मग एके दिवशी काटा जो अडतो तो महिना-दीड महिना हलायचे नाव घेत नाही. 'खाणे तेच, चालणे तेवढेच, मग बिघडले कुठे?' या प्रश्नाला 'मेटाबॉलिझम स्लो झालाय' हे उत्तर घरोघरी तयार असते. ते खोटे नाही, पण चयापचयाच्या माथी जेवढा दोष मारला जातो तेवढा त्याचा वाटा नसतो.

एक उदाहरण घेऊ. ४२ वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची आणि ७८ किलो वजनाची एक स्त्री आहे असे समजा. वजन, उंची आणि वय यांवरून विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च काढण्याचे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र १९९० पासून वापरात आहे. त्यानुसार तिच्या शरीराला नुसते जिवंत राहण्यासाठी दिवसाला सुमारे १,४०० कॅलरी लागतात. बैठे काम आणि थोडी हालचाल धरली तर एकूण खर्च १,९५० च्या आसपास जातो. ती १,६०० कॅलरींचा आहार घेऊ लागली, तर रोज साडेतीनशेची तूट पडते. एक किलो चरबीयुक्त ऊती म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी असे धरल्यास महिन्याला दीड किलोच्या आत-बाहेर वजन उतरायला हवे, आणि सुरुवातीला ते तसे उतरतेही.

आता ती ७० किलोंवर आली आहे. शरीर लहान झाले, म्हणजे ते चालवण्याचा आणि उचलून फिरवण्याचा खर्चही उतरला. तेच सूत्र आता १,८४० च्या जवळपासचा आकडा देते. साडेतीनशेची तूट अडीचशेच्या खाली आली. तरीही हिशेबाप्रमाणे महिन्याला जवळजवळ एक किलो उतरायला हवा होता, आणि काटा तर जागचा हलत नाही. उरलेल्या अडीचशे कॅलरी गेल्या कुठे?

त्यांतला काही भाग चयापचयाच्या खात्यावर खरोखरच जातो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लीबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले मोजमाप १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन दहा टक्के घटलेल्या माणसांचा ऊर्जाखर्च, त्यांच्या बदललेल्या शरीराकडे पाहून अपेक्षित होता त्याहूनही खाली गेलेला त्यांना आढळला. त्याआधी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, आणि विश्रांतीतील ऊर्जाखर्च त्याहून अधिक प्रमाणात, सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. ती मुले हालचालही कमी करू लागली. ज्याला अन्न पुरत नाही तो माणूस नकळत बसून राहतो. मात्र हा उपासमारीचा प्रयोग होता. रोज तीन-चारशे कॅलरी कमी खाणाऱ्या माणसाला त्याचे आकडे जसेच्या तसे लावून घाबरवणे बरोबर नाही; वजन स्थिरावल्यावर केलेल्या नंतरच्या काही मोजणींत ही जादा घट दिवसाला शंभर कॅलरींच्याही आतच भरली आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिरूपानुसार, आहारातील कपात खरोखर तशीच टिकली, तर एकूण घटीपैकी निम्मी घट व्हायला सुमारे एक वर्ष लागते आणि ९५ टक्के घट व्हायला सुमारे तीन वर्षे. म्हणजे केवळ खर्च उतरल्यामुळे वजन अडायचे असते, तर ते दोन-तीन वर्षांनी अडले असते. प्रत्यक्षात ते सहा-आठ महिन्यांत अडते, आणि त्यावरून संशय खर्चाच्या रकान्यावरून उठून जमेच्या रकान्याकडे जातो.

या संशयाला २०१६ मध्ये एका मधुमेहाच्या औषधाने मोठे बळ दिले. कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध रक्तातील काही साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ते घेणाऱ्यांची रोज सुमारे ३६० कॅलरींची गळती होते, पण ती त्यांना जाणवत नाही आणि 'मी डाएटवर आहे' ही भावनाही मनात नसते. गळती वर्षभर तशीच चालू राहिली, तरी त्यांचे वजन काही महिन्यांत काही किलोंनी उतरून अडले. हॉल आणि सहकाऱ्यांनी वजनाच्या आलेखावरून ती माणसे किती जास्त खाऊ लागली असतील याचा उलटा हिशेब केला. घटलेल्या प्रत्येक किलोमागे त्यांची भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढलेली निघाली. खर्चातली घट मात्र किलोमागे २० ते ३० कॅलरींचीच होती. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीला हे लावले, तर आठ किलोंनंतर तिचा खर्च साधारण २०० कॅलरींनी उतरला आहे, आणि भूक तिला ८०० कॅलरींनी मागे ओढते आहे. तिने त्यातला तीन चतुर्थांश ओढा परतवला, तरी उरलेला चतुर्थांश तूट बुडवायला पुरेसा होतो. याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा चतुर्थांश स्वयंपाकघरात कुठून शिरतो, हे पाहायला वजनकाटा ओट्यावर ठेवावा लागतो. दोघांपुरत्या भाजीच्या फोडणीला 'दोन चमचे' तेल घालतो असे मी अनेक वर्षे समजत होतो. एकदा तेलाचे भांडे आधी आणि नंतर काट्यावर ठेवून पाहिले, तर कढईत २६ ग्रॅम तेल गेले होते. दोन लहान चमचे म्हणजे जेमतेम १० ग्रॅम. फरक १६ ग्रॅमचा, म्हणजे १४४ कॅलरींचा, माणशी ७२. आणि दिवसाला दोन भाज्या. भाजीवर पडणारा दाण्याचा कूट, 'एवढाच उरलाय' म्हणून संपवलेला भात आणि दुपारचा जादा चहा यांची नोंद तर कोणीच करत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका अभ्यासात, 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या व्यक्तींचे खाणे आणि खर्च काटेकोर पद्धतीने तपासले गेले. त्यांचा चयापचय ठीक होता. आहार त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितला होता आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसे खोटे बोलत नव्हती, त्यांचा अंदाज चुकत होता.

मग व्यायाम वाढवावा का? वाढवावा, पण खाल्लेले जाळून टाकण्याच्या अपेक्षेने नको. ७० किलोंची व्यक्ती तासाला पाच किलोमीटरच्या गतीने तासभर चालली, तर बसून राहण्याच्या तुलनेत तिच्या जेमतेम पावणेदोनशे कॅलरी जास्त खर्च होतात. ३० ग्रॅम खाऱ्या दाण्यांत जवळजवळ तेवढ्याच असतात. शिवाय शरीर काटकसर इथेही करते. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी-संकलक लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर पायपीट करणाऱ्या त्या लोकांचा खर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेतल्यावर, पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. सकाळी तासभर चालून आल्यावर दिवसभर लिफ्ट वापरणारा माणूस हेच लहान प्रमाणात करत असतो.

व्यायामाचा मोठा उपयोग आहे तो स्नायू राखण्यासाठी, आणि उतरलेले वजन टिकवण्यासाठी. केवळ कमी खाऊन वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि भारतीयांना ही चैन परवडणारी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्यासारख्यांनी आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस वजने, रबरी पट्टे किंवा उठाबशांसारखा ताकदीचा व्यायाम करणे आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांतून प्रथिने घेणे, हे तासभर अधिक चालण्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रथिनांनी पोटही अधिक वेळ भरलेले राहते.

असा व्यायाम नव्याने सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा उलट वर जाऊ शकतो, कारण थकलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. मासिक पाळीच्या आधी, खारट जेवणानंतर किंवा प्रवासानंतरही तसेच होते. त्यामुळे एका सकाळच्या आकड्यावरून वजन अडल्याचे ठरवू नये. आठवड्याच्या सरासऱ्या सलग चार आठवडे सारख्याच आल्या, कमरेचे मापही हलले नाही, तरच ते खरे अडणे समजावे. थायरॉइडचा विकार, इन्सुलिन किंवा स्टिरॉइडसारखी औषधे ही कारणे डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावीत.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीने आठवडाभर सगळे मोजून खाल्ले, तर ज्याला ती १,६०० समजत होती तो आहार बहुधा १,८०० च्या वर निघेल. ताटातले आणखी काही काढून १,२०० वर उतरण्याची गरज तिला नाही. तेल आणि कूट मोजून घातले, तरी निम्मा फरक भरून निघतो, आणि जेवणानंतरचे पंधरा मिनिटांचे चालणे त्यात थोडी भर घालते. दुसरा मार्ग थांबण्याचा आहे. दहा टक्के वजन उतरल्यावर रक्तदाब आणि रक्तातील साखर बहुतेकांत सुधारलेली असते, तेव्हा दोन-तीन महिने ठरवून १,८०० कॅलरी खायच्या, ७० किलो टिकवायचे, ताकदीचा व्यायाम चालू ठेवायचा, आणि पुढची वजाबाकी सत्तराच्या आकड्यापासून सुरू करायची.